‘मेरी सेलेस्ट’वरचा गरम चहा

‘मेरी सेलेस्ट’ची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण चहापाशी येऊन थांबतोच. अटलांटिकमध्ये भरकटलेलं जहाज, त्यावर चिटपाखरू नाही आणि टेबलावरच्या कपातून मात्र वाफा निघताहेत! सांगणारा रंगात आला तर चुलीवर कोंबडीही शिजत असते. जहाज सापडलं हे खरं, त्यावर माणसं नव्हती हेही खरं. बाकी मीठमसाला नंतरचा.

दोन डोलकाठ्यांचं हे अमेरिकी जहाज ७ नोव्हेंबर १८७२ रोजी न्यू यॉर्कहून इटलीतल्या जिनोआला निघालं. पोटात औद्योगिक अल्कोहोलची १,७०१ पिंपं. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, पत्नी सारा, दोन वर्षांची सोफिया आणि सात खलाशी, अशी दहा माणसं. सात वर्षांचा मुलगा शाळेसाठी आजीकडे राहिला, म्हणून वाचला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘देई ग्रात्सिया’ नावाच्या जहाजाला ते अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान दिसलं. बर्म्युडा ट्रँगल तिथून हजारो किलोमीटर पश्चिमेला; तरी त्या त्रिकोणावरच्या लेखांत मेरी सेलेस्टची जागा ठरलेली असते.

आधी कोण चढलं आणि त्याला काय दिसलं, हे अंदाजाने सांगायची गरज नाही. ‘देई ग्रात्सिया’चा पहिला अधिकारी ऑलिव्हर डेव्हो याने ते जिब्राल्टरच्या न्यायालयात शपथेवर सांगितलं. केबिनच्या टेबलावर खायला-प्यायला काहीच नव्हतं. सगळीकडे पाणी झालेलं, अंथरुणं ओली. मुदपाकखान्यातली शेगडी जागेवरून सरकलेली, होकायंत्राची काच फुटलेली. खलाशांची पावसाळी कापडं आणि चिलिमी मात्र तशाच मागे राहिलेल्या. काही शिडं फाटली होती. जहाजाच्या तळाशी साडेतीन फूट पाणी साचलं होतं, एक पंप सुटा करून ठेवलेला होता आणि तळातलं पाणी मोजायची काठी डेकवर पडली होती. जहाजावर होडी एकच होती आणि ती जागेवर नव्हती. कप्तानाची दिशादर्शक उपकरणं आणि कागदपत्रंही गेलेली.

आता यात भुताटकी कुठे आहे? माणसं होडीत बसून गेली, एवढं उघड आहे. मग होडीला गोष्टीतून पाय कसे फुटले? जानेवारी १८८४ मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिकात लेखकाचं नाव न देता एक कथा आली. ती लिहिणारा तरुण डॉक्टर म्हणजे आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्स अजून जन्माला यायचा होता. डॉयलने जहाजाचं नाव किंचित बदललं, सगळ्या होड्या जागच्या जागी ठेवल्या आणि आत एक सूडाने पेटलेला खुनी घातला. होड्या जागेवर असल्या की माणसं हवेत विरल्याखेरीज इलाज उरत नाही. गोष्ट म्हणून हा डाव बिनतोड होता. वाचकांनी ती बातमी म्हणून वाचली. पुढे ‘हाती लागलेल्या’ जबान्या आणि डायऱ्याही छापल्या गेल्या. तो धंदा १९२० च्या दशकापर्यंत चालला.

संशयाची सुरुवात मात्र सरकारी होती. जिब्राल्टरचे सरकारी वकील फ्रेडरिक सॉली-फ्लड यांना खून झाल्याची खात्रीच होती. कप्तानाच्या तलवारीवर डाग दिसले, ते रक्ताचे असणार असं त्यांनी धरलं. तपासणीत रक्त निघालं नाही. पण संशयाची सावली पडलीच. ‘देई ग्रात्सिया’च्या लोकांना जहाज वाचवल्याबद्दल १,७०० पौंड मिळाले, जहाज आणि मालाच्या किमतीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. दारू पिऊन खलाशांनी बंड केलं, ही आणखी एक आवडती कथा. ते अल्कोहोल पिण्याजोगं नव्हतंच, विषारी होतं.

मग अनुभवी कप्तान धडधाकट जहाज का सोडतो? मला उत्तर त्या डेकवरच्या काठीत दिसतं. वादळी हवा, बिघडलेला पंप. काठीने मोजलेलं पाणी नेमकं किती, याचा भरवसा वाटेना. जहाजावरची शेवटची नोंद २५ नोव्हेंबरच्या सकाळची, सांता मारिया बेट जवळ असतानाची. दहा जणांत एक तान्हं म्हणावं असं लेकरू. जमीन दिसतेय तोवर होडीत उतरावं, असं ब्रिग्जना वाटलं असेल. दुसरा तर्क अल्कोहोलच्या वाफांचा: जिनोआत माल उतरवला तेव्हा नऊ पिंपं रिकामी निघाली. वाफ पेटली असती तर काही तरी जळलं नसतं का, हा आक्षेप असायचा. २००६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआ सेला यांनी छोट्या प्रतिकृतीत ब्यूटेन वायूचा स्फोट घडवला. ज्वाळेचा लोट उठला, पण आत ठेवलेला कागद काळा पडला नाही. दोन्हींपैकी एक खरं असेल किंवा दोन्ही; होडी मात्र पुन्हा कुणाला दिसली नाही.

जहाज त्यानंतर बारा वर्षं माल वाहत राहिलं. ३ जानेवारी १८८५ रोजी गिल्मन पार्कर नावाच्या कप्तानाने ते हैतीजवळच्या खडकावर मुद्दाम घातलं. भरलेला माल कवडीमोलाचा होता आणि विमा मात्र भरभक्कम उतरवलेला.