मेजर ॲटली

हिंदी स्वातंत्र्याचा कायदा १९४७ सालीं ज्यांच्या कारकीर्दींत झाला, ते ब्रिटनचे मुख्य प्रधान क्लेमंट ॲटली हे शांत व मितभाषी गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. लोक त्यांना पुष्कळ वर्षें ‘मेजर ॲटली’ म्हणत, हें मात्र आज फारसें कोणाच्या ध्यानीं नसतें.

१९१४ सालीं युद्ध पेटलें तेव्हां त्यांचें वय ३१ होतें. पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तींत समाजसेवा करणारा हा तरुण सैन्यांत शिरला. त्याचा वडील बंधु टॉम शस्त्र धरण्याचें नाकारून तुरुंगांत गेला. समाजवाद दोघांनाही प्रिय, आणि तरीही वाटा अशा निराळ्या!

१९१५ च्या उन्हाळ्यांत ॲटली आपल्या साऊथ लँकाशायर पलटणीबरोबर तुर्कस्थानांत गॅलिपोलीस पोहोंचले. तेथें आंवेनें गांठल्यामुळें त्यांना माल्टाच्या इस्पितळांत हलविलें. त्याच सुमारास, ऑगस्टांत, सारी बैरच्या लढाईंत त्यांच्या पलटणीची भयंकर हानि झाली. दुखण्यानेंच प्राण वांचावे, हाही युद्धाचा एक विचित्र न्याय.

डिसेंबरांत सुवला उपसागर सोडण्याचें ठरलें. हजारों माणसें, जनावरें व सामान तुर्कांच्या नकळत रात्रींतून गलबतांवर चढवावयाचें होतें. माघार ही चढाईहून अवघड. शत्रूला सुगावा लागला तर शेवटीं उरलेल्यांची धडगत नसते. लाला बाबा टेकडीपाशीं पिछाडी संभाळण्याचें काम ॲटलींच्या तुकडीकडे आलें. पुढील खंदकांतले शिपाई निघून गेल्यावरच त्यांनीं हलावयाचें होतें. २० तारखेच्या पहांटे ते निघाले, तेव्हां मागें उरले होते ते काय जनरल मॉड. ही माघार जवळजवळ प्राणहानीवांचून पार पडली.

पुढें त्यांची पलटण मेसोपोटेमियांत, कूट येथें वेढल्या गेलेल्या सैन्याच्या सुटकेसाठीं गेली. त्या वेढ्यांत पुण्याची सहावी डिव्हिजन, आणि तींतील मराठा पलटणी, उपासमार सोशीत होत्या. एप्रिल १९१६ मध्यें हन्नाच्या हल्ल्यांत, आपल्या तोफखान्याला ठिकाण कळावें म्हणून लाल निशाण घेऊन जात असतां, आपल्याच तोफेच्या गोळ्यानें ॲटली जखमी झाले. (मजूर पक्षाच्या भावी पुढाऱ्याच्या हातीं लाल निशाणच असावें!) उपचारासाठीं त्यांना प्रथम हिंदुस्थानांत आणलें. कूट त्याच महिन्याच्या २९ तारखेस पडलें.

गॅलिपोलीची मोहीम ही आरमारमंत्री चर्चिल यांची कल्पना. तींत सोबती गमावलेल्या माणसानें चर्चिलना दोष दिला असता तर नवल नव्हतें. परंतु ॲटलींचें मत असें कीं, बेत योग्य होता, तो तडीस नेणारे कमी पडले. १९४० च्या मे महिन्यांत खुद्द हुजूर पक्षांतील कित्येकांचा चर्चिल यांच्यावर विश्वास नव्हता. ॲटली मात्र आपला पक्ष घेऊन त्यांच्या युद्धमंत्रिमंडळांत गेले. आणि १९४५ च्या निवडणुकींत त्याच चर्चिलना हरवून मुख्य प्रधान झाले.