आमच्या दिंडीचा जनरेटर



आमच्या गावची दिंडी दरवर्षी आषाढी वारीला जाते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम करीत ती आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोचते. माणसे पायी चालतात. त्यांचे सामान, भांडी आणि चालून थकलेली म्हातारी माणसे आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतात. ट्रॉलीवर लोखंडी कमानी बसवून वरून ताडपत्री घातली, की ते चाकांवरचे घरच होते.

मुक्काम कधी शाळेत, तर कधी उघड्या रानात पडतो. रानात वीज कुठली? म्हणून २०२४ साली दिंडीच्या मंडळींनी वर्गणी काढून छोटा जनरेटर घ्यायचे ठरवले. माझे मामा वायरमन आहेत. निवडायचे काम त्यांच्याकडे आले, आणि हिशेबाची वही माझ्याकडे!

मामा म्हणाले, "दुकानात जायच्या आधी बेरीज कर. आपल्याला काय काय चालवायचंय ते लिही." मी लिहिले ते असे:

९ वॅटचे १० एलईडी दिवे – ९० वॅट
७५ वॅटचे २ पंखे – १५० वॅट
कीर्तनाचा ध्वनिक्षेपक – २०० वॅट
२० मोबाईल चार्जिंगला, प्रत्येकी १० वॅट – २०० वॅट
टँकरमधून पाणी चढवायचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप – ५०० वॅट

एकूण झाले ११४० वॅट. गणिताच्या तासाला गुरुजींनी हीच बेरीज फळ्यावर सगळ्यांकडून करून घेतली. एकाने शंका काढली, "गुरुजी, एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, मग अर्धी ३७३ व्हायला पाहिजे." शंका बरोबर होती. पण ३७३ वॅट हे पंप जेवढे काम करतो तेवढे झाले. काही वीज मोटारीत उष्णता होऊन वाया जाते, म्हणून ती त्याहून जास्त वीज ओढते.

मग आपण १२०० वॅटचा जनरेटर घ्यावा का? नाही! खरी गोम पुढेच आहे. थांबलेली बैलगाडी हलवताना बैलांना जोर लावावा लागतो, एकदा चाक फिरले की गाडी सोपी जाते. मोटारीचेही तसेच असते. सुरू होताना क्षणभर ती तिप्पट किंवा त्याहूनही जास्त वीज मागते. म्हणजे ५०० वॅटच्या पंपाला सुरुवातीला १५०० वॅट लागले. बाकीची ६४० वॅटची उपकरणे तेव्हाच चालू असली, तर बेरीज २१४० होते. लहान जनरेटर तिथेच मान टाकतो.

दुकानदाराने पाच हजार वॅटचा जनरेटर पुढे केला. मामांनी नको म्हटले. तो चढवायला-उतरवायला चार माणसे लागणार, पेट्रोलही जास्त पिणार. आम्ही दोन हजार वॅटचा घेतला आणि एक नियम केला : आधी एकटा पंप सुरू करायचा, तो नीट फिरू लागला की मग बाकीचे. असे केले तर १५०० च्या वर भार जात नाही, आणि पुढे सगळे मिळून ११४० वरच राहतात. यंत्राला रोज दमेस्तोवर राबवू नये, थोडी ताकद शिल्लक ठेवावी, असे मामांचे म्हणणे. आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली. यंत्राच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा आकडा थोड्या वेळापुरता असतो, सतत मिळणारी वीज लहान आकड्यात लिहिलेली असते. दुकानात मोठा आकडा सांगतात, आपण लहान वाचावा.

आम्ही इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घेतला. त्याला किंमत जास्त पडते, पण आवाज कमी आणि वीज एकसारखी, त्यामुळे मोबाईलला धोका नाही. एक लिटर पेट्रोलवर आमचा जनरेटर सुमारे एक तास चालला. रोज संध्याकाळी चार तास धरले, तर अठरा दिवसांचे ७२ लिटर. हाही हिशेब मीच केला, बरं का!

आता पुढची हकिगत ऐका. त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

निघायच्या आठ दिवस आधी अंगणात ट्रॉली सजवून आम्ही रात्री दिवे लावून पाहिले. मामा त्या दिवशी शेजारच्या गावी कामाला गेले होते. आजी आणि माझा धाकटा भाऊ हौसेने ट्रॉलीतच झोपले. एवढ्यात पाऊस आला. नवे यंत्र भिजू नये म्हणून बाबांनी ते ट्रॉलीखाली सरकवले आणि कडेची ताडपत्री खाली सोडली. सगळ्यांना वाटले, काय छान सोय झाली!

अर्ध्या तासाने मी आजीला पाणी द्यायला गेले. आजी म्हणाली, "पोरी, डोकं लई जड झालंय गं, उठवंना." भावाला उलटी झाली होती, आणि हाक मारली तरी तो नीट बोलेना. मला वाटले, जेवण बाधले असेल. तेवढ्यात मामा आले. त्यांनी आधी यंत्र बंद केले आणि ओरडले, "दाजी, त्यांना आधी बाहेर काढा!" पावसातच दोघांना ओसरीवर आणले. मग जीपने आरोग्य केंद्रात नेले. तिथे ऑक्सिजन लावला. सकाळपर्यंत दोघे बरे झाले. बाबा रात्रभर एका शब्दाने बोलले नाहीत.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने हिमोग्लोबिनला चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. मी पाणी द्यायला गेले नसते तर? अजून आठवले की अंगावर काटा येतो.

तेव्हापासून आमच्या दिंडीत जनरेटर असा मांडतात :

१) ट्रॉली, तंबू, शाळेची खोली यांपासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर. खोलीत, ओसरीवर, ट्रॉलीखाली कधीच नाही. खिडकी उघडी आहे म्हणूनही नाही.
२) धुराची नळी माणसांकडे नको. वारा धूर आपल्यापासून आणि शेजारच्या दिंडीपासूनही दूर नेईल अशी बाजू बघायची.
३) पाऊस असेल तर चार काठ्यांवर पत्रा, पण चारही बाजू मोकळ्या. खाली सपाट फळी.
४) सुरू करण्याआधी ऑईल बघायचे. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यायचे. पेट्रोलचा डबा चुलीपासून लांब.
५) वायर जाड, अखंड, तीन पिनांची. ओल्या जमिनीवर जोड नको. वीज गळू लागताच ती तोडणारे ईएलसीबी आणि अर्थिंग वायरमनकडूनच बसवून घ्यायचे.
६) शाळेच्या किंवा घराच्या प्लगमध्ये जनरेटरची वायर खुपसायची नाही. ती वीज उलटी खांबावर चढते आणि तिथे काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. हा नियम मामांनी मला तीनदा लिहायला लावला.
७) झोपायच्या वेळी यंत्र बंद. आधी दिवे-पंखे बंद करायचे, मग यंत्र.

त्या वर्षी आजी वारीला गेली आणि पंढरपूरहून चुरमुरे घेऊन सुखरूप परत आली. बाबांनी ट्रॉलीच्या फळीवर लाल रंगाने "वीस फूट" असे लिहून ठेवले आहे.

मित्रांनो, आपल्या गावात लग्नाला, जत्रेला, गणपतीला जनरेटर येतोच. तो कुठे ठेवलाय ते बघा. खोलीजवळ दिसला तर मोठ्या माणसांना सांगायला लाजू नका. लहान तोंडी मोठा घास म्हणाले तरी चालेल, पण सांगा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी