विमानाच्या शेपटीमागचं विमान

एक भलंमोठं प्रवासी विमान आकाशात चाललंय आणि त्याच्या अगदी मागे, जेमतेम शंभर मीटरवर, दुसरं छोटं जेट विमान! पाठलाग चाललाय का? हो, पाठलागच. पण छोट्या विमानाला मोठ्याला पकडायचं नाहीये. त्याला हवाय मोठ्याचा धूर.

ही गोष्ट अगदी खरी आहे. २०२१ साली युरोपात हा पाठलाग झाला. पुढे होतं एअरबस ए-३५० आणि मागे जर्मनीच्या 'डीएलआर' या अवकाश आणि विमान संशोधन संस्थेचं फाल्कन. फाल्कनमध्ये प्रवाशांऐवजी यंत्रं होती. पुढच्या विमानाने सोडलेला धूर ही यंत्रं आत ओढून घेत आणि त्यातल्या काजळीचे कण मोजत. मग फाल्कन आणखी मागे राहायचं आणि तिथे तयार झालेले बर्फाचे कण मोजायचं. इतक्या जवळून उडायचं म्हणजे वैमानिकाची केवढी परीक्षा! मोठ्या विमानामागची हवा चांगलीच घुसळलेली असते.

पण विमानाच्या धुरात बर्फ कुठून आला?

निळ्या आकाशात विमानामागे लांबच लांब पांढरी रेघ उमटलेली तुम्ही पाहिली असेल. तिला कॉन्ट्रेल म्हणतात. ती धुराची नसते, बर्फाची असते. विमानाचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचं जवळचं भावंड. ते एक किलो जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते आणि तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड. एका किलोतून चार किलोंच्या वर माल कसा निघाला? कारण जळताना इंधन हवेतला ऑक्सिजनही घेतं आणि त्याचंही वजन त्यात धरलं जातं.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा शून्याखाली चाळीस अंशांहूनही थंड असू शकते. तिथे ही वाफ काजळीच्या कणांवर बसते आणि गोठते. हवा कोरडी असेल तर रेघ विमानामागोमाग पुसलीही जाते. हवा दमट असेल तर मात्र रेघ तासन् तास टिकते आणि पसरत पसरत तिचा पातळ ढग होतो. पुढच्या वेळी रेघ दिसली की घड्याळ लावून ती किती वेळ टिकते ते बघा. वरची हवा कोरडी आहे की दमट, हे तुम्हाला खाली अंगणात उभं राहून सांगता येईल!

आता काळजीची गोष्ट. हा ढग पृथ्वीवर गोधडीसारखा पांघरला जातो आणि जमिनीवरून वर जाणारी उष्णता अडवतो. दिवसा तो थोडं ऊन परतही पाठवतो, पण रात्री ऊनच नसतं, त्यामुळे फक्त उष्णता अडते. विमानांमुळे पृथ्वी जेवढी तापते, त्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा या रेघांचा असावा, असा एक अंदाज आहे. मला तर ही गोष्ट कळल्यापासून या सुंदर रेघेकडे नुसतं कौतुकाने बघता येत नाही.

म्हणून तर तो पाठलाग. त्या ए-३५० मध्ये जमिनीतून काढलेल्या तेलाचं इंधन नव्हतं, तर वनस्पती तेल आणि चरबी यांसारख्या पदार्थांवर प्रक्रिया करून बनवतात तसलं इंधन होतं. नेहमीच्या इंधनात कड्यांच्या आकाराचे काही रेणू असतात. ते नीट जळत नाहीत आणि त्यांचीच काजळी होते. नव्या इंधनात ही कडी जवळजवळ नसतात. काजळी कमी, म्हणजे बर्फाला बसायला जागा कमी. मोजणीत बर्फाचे कण तब्बल ५६ टक्क्यांनी घटलेले आढळले.

मग सगळीकडे हेच इंधन का नाही भरत? एक तर ते महाग आहे आणि बनतंही फार थोडं. दुसरं कारण मजेशीर आहे. विमानाच्या इंधनव्यवस्थेत रबराच्या चकत्या असतात. कडीवाल्या रेणूंमुळे त्या फुगतात आणि फटी घट्ट बंद होतात. कडी काढून टाकली, तर जुन्या चकत्या आक्रसून इंधन गळू शकतं! २८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिकचं बोइंग ७८७ लंडनहून न्यूयॉर्कला गेलं, तेव्हा त्यात सगळं इंधन नव्या प्रकारचं होतं. पण त्यातला १२ टक्के भाग मुद्दाम कडीवाला होता. हे जमवायला इंजिनवाले रोल्स-रॉइस, विमानवाले बोइंग आणि इंपीरियल कॉलेज व शेफील्ड विद्यापीठाचे संशोधक एकत्र आले होते.

आपल्याकडेही सुरुवात झालीय. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या प्रवासी विमानात असं देशी इंधन थोडंसं, म्हणजे एक टक्क्यापर्यंत मिसळलेलं होतं. ते बनवण्यात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजचा हात होता आणि मूळ कच्चा माल होता उसाची मळी. हो, साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरते तीच काळी, चिकट मळी!

इंधन न बदलताही रेघ टाळता येते का? येते. दमट हवेचे थर बहुतेक वेळा पातळ असतात, त्यामुळे विमान थोडं वर किंवा खाली नेलं तरी पुरतं. गूगलचे संशोधक, अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक आणि 'ब्रेकथ्रू एनर्जी' ही संस्था यांनी मिळून ७० उड्डाणांत हे करून पाहिलं. उपग्रहाची छायाचित्रं तपासली, तर रेघा ५४ टक्क्यांनी कमी! त्या उड्डाणांना दोन टक्के इंधन जास्त लागलं. पण सगळ्याच विमानांना वाट बदलावी लागत नाही, कारण टिकाऊ रेघा थोड्याच उड्डाणांत उमटतात.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या हवाई वाहतूक नियंत्रकांनीही डीएलआरबरोबर २०२१ मध्ये असा प्रयोग केला. एक दिवसाआड ते विमानांना उंची बदलायला सांगत आणि मधले दिवस तुलनेसाठी तसेच सोडत. किती साधी आणि हुशार युक्ती!

घोडं अडतंय ते हवामानाच्या अंदाजापाशी. इतक्या उंचीवर नेमकी कुठे किती दमट हवा आहे, हे आधी सांगणं फार अवघड. वरची आर्द्रता मोजायला हवामानशास्त्रज्ञ फुगे सोडतात, पण ते ठरलेल्या जागांवरून आणि ठरलेल्या वेळीच. म्हणून आता काही प्रवासी विमानांवरच आर्द्रता मोजणारी यंत्रं बसवली आहेत. विमान उडता उडता मोजतं आणि आकडे खाली पाठवतं, म्हणजे मागून येणाऱ्या विमानांसाठी अंदाज सुधारता येतो.