बिऱ्हाडासोबत बंदूक
टेक्सासमधून कॅलिफोर्नियात बिऱ्हाड हलवायचं, तर बंदूक बाळगणाऱ्याला सामान बांधण्याआधी कायदा वाचावा लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे शस्त्रनियम वेगळे. टेक्सासमध्ये २०२१पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियात मात्र दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन नुसतं घेऊन येणंही बेकायदा आहे.

वाटेत न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना लागतात. बंदूक दोन्ही टोकांना कायदेशीर असेल, तर १९८६चा केंद्रीय कायदा प्रवासात संरक्षण देतो. पण ती रिकामी हवी आणि गोळ्यांसकट डिकीत हवी. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही. पोहोचल्यावर साठ दिवसांत राज्याच्या न्याय विभागाकडे नोंद करायची.

नेमबाजाची अडचण आणखी बारीक. वॉल्थर जीएसपी या स्पर्धेच्या पिस्तुलाचं मॅगझिन मुठीत नसतं, ट्रिगरच्या पुढे बसतं. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत अशी रचना म्हणजे थेट ‘असॉल्ट वेपन’! सुदैवाने त्याच कायद्यात ऑलिंपिक प्रकारच्या काही पिस्तुलांना नावानिशी सूट आहे आणि त्या यादीत जीएसपी आहे. खेळाची जाण ठेवणारी ही तरतूद खरोखर मोलाची.

एअर रायफलवाल्यांनीही गाफील राहू नये. कॅलिफोर्नियात ती अग्निशस्त्र मानली जात नाही. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत मात्र ती अग्निशस्त्रच ठरते आणि विकत घ्यायला पोलिसांकडून खास ओळखपत्र काढावं लागतं.