भिक्षूची पाठ

ग्वांगझू : चीनमधून बाहेर गेलेला जुना लाकडी भिक्षू परदेशी बाजारात विकायला आला की त्याच्याखालचं वर्णन ठरलेलं असतं. मुद्रा शांत, रंगाचे पोपडे निघालेले, काळ अमुक राजवटीचा, घडवून घेणारा अज्ञात. यातलं शेवटचं सहसा पटत नाही. नाव विसरलं जाऊ नये म्हणून चिनी माणसाने फार खटपट केलेली असते. फक्त ते नाव चेहऱ्यावर नसतं, बैठकीवर किंवा पाठीत असतं. मूर्ती पारखणारे लोक चेहऱ्यापाशीच थांबतात, म्हणून ती मुकी वाटते.

या ग्वांगतोंग प्रांतातलाच दाखला पाहा. शाओग्वानजवळच्या नान्हुआ मठात सहावा झेन आचार्य हुईनंग (६३८–७१३) राहिला. मठाची परंपरा सांगते की त्याची जागा ५०२च्या सुमाराला एका भारतीय भिक्षूने निवडली. या मठासाठी १०४५ ते १०४८ या काळात ग्वांगझूत पाचशे अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले भिक्षू, कोरले गेले. आज ३६० शिल्लक आहेत, पण त्यांतले शंभरावर चिंग राजवटीच्या अखेरीस नव्याने घडवलेले आहेत. मूर्ती जेमतेम हात-दीड हात उंचीच्या आहेत. दीडशेच्या आसपास मूर्तींवर लेख आहेत : दाता कोण, कुठला, कुणाच्या पुण्यासाठी, कोणत्या वर्षी. दात्यांमध्ये शहरातले रहिवासी आहेत, बाहेरगावचे व्यापारी आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांचे दानलेख वाचलेल्या मराठी माणसाला हा मजकूर परका वाटणार नाही. तिथे दगड होता, इथे लाकूड आहे. चेहऱ्यांचं मात्र वेगळं आहे. लांब भुवया, खोल डोळे, मोठं नाक ही अर्हताची चित्रपरंपरेने ठरवून दिलेली लक्षणं. भारतातून आलेला भिक्षू असा दिसत असणार, ही चिनी कारागिराची कल्पना! चेहरा साच्यातला आणि लेख खराखुरा असेल, तर पुरावा कशाला म्हणायचं?

हुनान प्रांतातल्या घरगुती मूर्तींमध्ये ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. वीतभर उंचीच्या या मूर्तींत देव आहेत, पूर्वज आहेत, गुरू आणि भिक्षूही आहेत. पाठीत एक चौकोनी खाच, तिच्यावर लाकडाची झडप. आत घडी केलेला कागद, वाळलेल्या औषधी वनस्पती, क्वचित एखादा सुकलेला किडा. कागदावर घराचा पत्ता, कुटुंबप्रमुखाचं नाव, मूर्ती का बसवली ते कारण, तिथी आणि कित्येकदा कोरणाऱ्याचं नाव. हा जवळजवळ सरकारी अर्जाचा नमुना आहे. चिनी लोकधर्मात स्वर्ग हेही एक कार्यालयच आहे, आणि पत्त्याशिवाय केलेली विनंती तिथे पोचत नाही असं मानलं जातं. आपल्याकडे याच्या उलट आहे. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे मांडलेले आहेत. भवाडा या मुखवट्यांच्या उत्सवात कुणाच्या घराण्याने कोणता मुखवटा नाचवायचा हे गावाला तोंडपाठ असतं, लिहून ठेवायची गरज पडत नाही. चिनी गाव पाठांतरावर विसंबत नाही.

चेहऱ्यापेक्षा लेखाला महत्त्व देण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला रसिकांचा : उत्तम शिल्पाला नावगाव कशाला हवं? कलाकृती म्हणून बघणाऱ्याला ते नको असेल, हे मान्य. पण तीच मूर्ती पाठ फोडून, कागद काढून विकली जाते तेव्हा शिल्प तेवढंच राहतं आणि दस्तऐवज नष्ट होतो. ही रसिकता बाजाराच्या फार सोयीची आहे. दुसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो वजनदार आहे. नकली मूर्तीत नकली कागदही घालता येतो, त्यापेक्षा लाकडाची कार्बन-तपासणी भरवशाची. पण तपासणी सांगते ती लाकडाच्या वाढीचा काळ, आणि जुन्या तुळईतून नवा भिक्षू कोरणारे कमी नाहीत. कागद आणि लाकूड एकमेकांना पडताळून पाहावे लागतात. दोघांतला एक साक्षीदार आधीच गायब केला असेल तर पडताळणी कशाची करणार?

सांस्कृतिक क्रांतीत हे सगळं जळलंच असतं, बाहेर गेलं म्हणून वाचलं, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. हुनानच्या मूर्तींना तो फारसा लागू पडत नाही. त्यांचा मोठा ओघ क्रांती संपल्यावर, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत बाजारात आला. लोकांनी लपवून जपलेलं पुढे गरिबीने आणि दलालांनी बाहेर काढलं. २००७मध्ये चीनने नियम कडक केले आणि १९११पूर्वीच्या बहुतेक वस्तूंच्या निर्यातीवर बंदी आली. पण तोवर बरंच निघून गेलं होतं.

लिखाणाची ताकद नेदरलँड्समध्ये गाजलेल्या वादात दिसली. तिथल्या एका संग्राहकाच्या बुद्धमूर्तीत भिक्षूचा देह असल्याचं तपासणीत दिसलं. फूजियानमधल्या यांगछुन गावाने दावा केला की १९९५मध्ये चोरीला गेलेला आपला आचार्य तो हाच. गावाचा मुख्य आधार होता मूर्तीखालच्या आसनावरचा लेख, ज्यात आचार्याचं नाव होतं. अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने २०१८मध्ये दावा फेटाळला. चेहरा कुणाचा यापेक्षा ग्रामसमितीला दावा लावण्याचा अधिकार आहे का, इथेच ते अडलं. सानमिंगच्या न्यायालयाने २०२०मध्ये मूर्ती परत करण्याचा आदेश दिला आणि २०२२मध्ये प्रांताच्या उच्च न्यायालयाने तो कायम केला. नाव हाती असूनही गावाला मूर्ती मिळवता आलेली नाही. पण ते नाव नसतं तर खटला उभाच राहिला नसता.