ताबा, हक्क आणि मान्यता : पॅलेस्टाईनच्या राज्यत्वाचा कायदेशीर पेच

पॅलेस्टाईनविषयी मराठीत लिहू लागले की पहिली अडचण शब्दांची येते. वर्तमानपत्रे ‘स्वतंत्र राष्ट्र’ म्हणतात. पण राष्ट्र म्हणजे लोकसमूह, आणि पॅलेस्टिनी हा एक लोकसमूह आहे याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाद उरलेला नाही. वाद आहे तो ‘राज्य’ या संज्ञेचा. राज्य म्हटले की आपल्याला महाराष्ट्र किंवा गोवा आठवतो. इथे मात्र सार्वभौम देश असा अर्थ घ्यायचा. कायद्याचे रीतसर शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्याला ही कागदपत्रे चाळताना एवढे उमगले की, या वादात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : जमीन कोणाच्या ताब्यात आहे, तिच्यावर हक्क कोणाचा आहे आणि त्या हक्काला मान्यता कोण देते. शेतजमिनीचा दावा जवळून पाहिलेल्या कुणालाही हा गुंता नवा वाटणार नाही.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑटोमन साम्राज्यात होता. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने तो ‘मॅन्डेट’ म्हणून ब्रिटनकडे सोपवला. मॅन्डेट म्हणजे मालकी नव्हे, विश्वस्ताचे काम. ऑटोमन सत्तेतून सुटलेल्या काही समाजांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून तात्पुरती मान्यता देता येईल, असे राष्ट्रसंघाच्या सनदेचे २२ वे कलम सांगत होते. त्याच वेळी मॅन्डेटच्या मसुद्यात ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देण्याचे आश्वासनही होते. दोन्ही बाजू आजही या कागदांकडे बोट दाखवतात.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव संमत केला. नुकतीच स्वतःची फाळणी सोसलेल्या भारताने विरोधात मत दिले. त्याआधी चौकशी समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याचा पर्याय सुचवला होता. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले, युद्ध झाले आणि १९४९ मध्ये युद्धविरामाच्या रेषा आखल्या गेल्या. या रेषा म्हणजे राजकीय सरहद्द नव्हे, असे इजिप्त आणि जॉर्डनबरोबरच्या करारांतच नमूद आहे. गाझा इजिप्तच्या ताब्यात राहिला. पश्चिम किनारा जॉर्डनने १९५० मध्ये स्वतःला जोडून घेतला. पण त्या जोडणीला फारच थोड्या देशांनी मान्यता दिली.

१९६७ च्या युद्धात हे दोन्ही भाग इस्रायलने घेतले. पुढल्याच वर्षी इस्रायली कायदेपंडित येहुदा ब्लूम यांनी एक युक्तिवाद मांडला : पश्चिम किनाऱ्यावर जॉर्डनचीच मालकी वैध नव्हती, मग तो परत द्यायचा कोणाला? धनीच नसेल, तर प्रदेश ‘व्याप्त’ कसा म्हणायचा? पुढे ‘व्याप्त’ऐवजी ‘वादग्रस्त’ म्हणण्याच्या भूमिकेला या युक्तिवादाचा मोठा आधार मिळाला. जुलै २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने संरक्षक भिंतीबाबतच्या सल्लामतात तो मानला नाही. दोन करारबद्ध देशांत युद्ध झाले आणि प्रदेश ताब्यात गेला, की चौथा जिनिव्हा करार लागू होतो. आधीचा मालक कोण, हे पाहायची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याकडे खासगी जमिनीवर १२ वर्षांच्या प्रतिकूल ताब्याने हक्क सांगता येतो. युद्धाने घेतलेल्या प्रदेशाला तशी सवलत नाही.

पण इस्रायलचा हक्क नाही, एवढ्यावरून पॅलेस्टाईन हे राज्य ठरत नाही. १९३३ च्या मोंटेव्हिडिओ कराराने राज्याच्या चार कसोट्या दिल्या : स्थायी लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. शंका घेणारे तिसऱ्या कसोटीवर बोट ठेवतात. ऑस्लो करारांनंतर पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ६० टक्के भाग, म्हणजे ‘क’ क्षेत्र, इस्रायलच्या नियंत्रणात राहिला. २००७ पासून गाझात हमासची सत्ता आली. मग परिणामकारक शासन कुठे आहे? १९८८ च्या घोषणेबाबत जेम्स क्रॉफर्ड यांच्यासारखे अभ्यासक साशंक होते. जॉन क्विग्ली यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात उलट बाजू मांडली. सरहद्द ठरलेली नसताना इस्रायलला १९४९ मध्ये सदस्यत्व मिळाले, हे या बाजूकडून आवर्जून सांगितले जाते. शिवाय ज्याने शासन उभे राहू दिले नाही, त्यानेच शासन नाही अशी तक्रार करावी का, हाही प्रश्न आहेच.

मान्यतेने काय फरक पडतो, हे एका उदाहरणावरून दिसते. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जीयर्समध्ये राज्याची घोषणा झाली. तिचा मसुदा कवी महमूद दरवीश यांचा. भारताने त्याच महिन्यात मान्यता दिली. २००९ मध्ये पॅलेस्टाईनने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा तुम्ही राज्य आहात की नाही हे ठरवणे आमचे काम नव्हे, असे उत्तर तीन वर्षांनी अभियोक्त्यांकडून आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये आमसभेने १३८ विरुद्ध ९ मतांनी ‘निरीक्षक राज्य’ हा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये पॅलेस्टाईन त्याच न्यायालयाचे सदस्य झाले. जमिनीवर काही बदलले नव्हते. एका शब्दाने दार उघडले.

१९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की, व्याप्त प्रदेशातले इस्रायलचे अस्तित्व बेकायदा आहे आणि ते लवकरात लवकर संपले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये एकेकाळचा विश्वस्त ब्रिटन आणि फ्रान्स यांनीही राज्याला मान्यता दिली. मात्र पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम मिळून सुमारे सात लाख इस्रायली आज वसाहतींत राहतात. कागदावरचा हक्क स्पष्ट होत गेला, तसतशी त्याखालची जमीन कमी होत गेली.

दिवाणी दावे लढलेल्यांना ठाऊक असते की, हुकूमनामा मिळणे वेगळे आणि त्याची बजावणी होणे वेगळे. इथे बजावणी करणारा बेलीफ नाही. सल्लामत बंधनकारकही नसते. म्हणून न्यायालयाने इतर राज्यांचे कर्तव्य सांगितले : या बेकायदा स्थितीला मान्यता देऊ नका आणि ती टिकवायला मदत करू नका. ते मत देणाऱ्या ११ जणांत न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. दोन महिन्यांनी त्याच मताच्या अंमलबजावणीचा ठराव आमसभेत १२४ मतांनी संमत झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. १९४७ मध्ये विरोधात मत देणाऱ्या आणि १९८८ मध्ये मान्यता देणाऱ्या देशाने तटस्थ का राहावे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते आपल्यालाच शोधावे लागेल.