ज्येष्ठांची कंबर आणि पाय : जुनाट दुखणे ओळखताना

• जुनाट : ३ महिन्यांहून जास्त टिकलेले दुखणे.

• सायटिका : कमरेतून पायात जाणाऱ्या नसेच्या मुळावर दाब. कळ नितंबातून पोटरी-पावलापर्यंत, बहुधा एकाच पायात.

• मणक्याची नळी अरुंद होणे : उभे राहिल्यावर, चालल्यावर पाय जड होतात, मुंग्या येतात. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते.

• पायाचा रक्तपुरवठा कमी होणे : चालताना पोटरीत गोळे, नुसते उभे राहिले तरी थांबतात. तंबाखू व मधुमेहामुळे धोका वाढतो.

• गुडघ्याची झीज : पायऱ्यांवर त्रास वाढतो. तुळजाभवानीच्या दर्शनाला महाद्वारातून पायऱ्या उतरून जावे लागते. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. एक हात कठड्यावर.

• कोजागरीची पायी वारी : सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. जुने दुखणे असल्यास आधी तपासणी.

• उपचार : नियमित व्यायाम, फिजिओथेरपी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी सरसकट कमरपट्ट्याची शिफारस नाही.

• वेदनाशामक गोळ्या : दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडाला अपाय संभवतो.

• त्याच दिवशी रुग्णालयात : लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणे, पडल्यानंतरची तीव्र कळ, दुखण्यासोबत ताप.